माणिकनं फोडलेली भिंत

मेंढपाळांना ॲप दाखवायला चुडाव्याला निघालेल्या माणिकला वाटेत ट्रकनं चिरडलं. फोन आला तेव्हा मी त्यालाच शिव्या घालत होतो, कारण एक बटण त्यानं मला पुन्हा बदलायला लावलं होतं. शिवी तोंडातच राहिली...

परभणीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही शेळ्या-मेंढ्यांच्या डॉक्टरला तातडीनं बोलावण्याचं ॲप करत होतो. माणिक डिझायनर, पेडगावच्या मेंढरं पाळणाऱ्या घरातला, मी डेव्हलपर. तो एका खोलीत ॲपच्या पडद्यांची चित्रं काढायचा, मी दुसरीत कोड लिहायचो आणि भिंतीआडून मोबाइलवर आम्ही एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचो. एकदा त्यानं डॉक्टरला बोलावायचं बटण पडद्यावर खाली काढलं होतं, मी माझ्या सोयीसाठी वर नेलं. तो तावातावानं आत आला, एका हातानं माझी गचांडी धरली आणि दुसऱ्या हातात फोन. "तडफडणारं मेंढरू असं धरावं लागतंय. जातोय का माझा अंगठा वर?"

"हे आधी सांगायला काय झालतं?" म्हणत मी त्याला ढकललं. टेबल उलथलं, त्याचा ओठ फुटला, माझा चष्मा गेला.

संध्याकाळी तो घण घेऊन आला आणि मधली भिंतच फोडायला लागला. घरमालक काका धावत आले, तर म्हणतो, "काका, लय दिवसांचं भांडण हाय, मिटवायलोय." मग माझ्याकडे वळून, "आता चित्र काढायच्या आधी मी तुला इचारतो, कोड लिहायच्या आधी तू मला इचार. न्हाई तर पुढचा घण तुझ्या टाळक्यात."

त्या भगदाडातून आम्ही मग समोरासमोर भांडलो. चपला आल्या-गेल्या, एकदा चहासकट कप आला. पण एकच काम दोनदा करणं जवळजवळ थांबलं. मला इतका जीव दुसऱ्या कुणी लावला नाही.

परवा काकांनी गवंडी बोलावला. मी चहा पिऊन आलो तर भगदाड निम्मं बुजलेलं, माणिकची खुर्ची दिसेनाशी झालेली. माझं डोकंच फिरलं. ओल्या विटांवर लाथा घातल्या, पायाचं नख निघालं तरी थांबलो नाही. गवंडी पळाला.

काका हळूच म्हणाले, "पोरा, त्यो न्हाई आता तिकडं."

"ठावं हाय मला."

काकांनी भगदाड तसंच राहू दिलं. कोड लिहायच्या आधी मी अजून त्या खुर्चीकडे बघून विचारतो, "इथं ठेवू का?" आणि सवयीनं डोकं खाली घेतो. चप्पल काही येत नाही.