वन्स मोअर

आयसेलिनच्या आमच्या घरून निघतानाच मी नवऱ्याला दम दिला होता: मध्ये बोलायचं नाही, चकल्यांची पिशवी बरोबर घ्यायची नाही, फोन बंद. लेकीचं इथल्याच एका अमेरिकन मुलाशी लग्न ठरलंय. ब्रॉडवेवरच्या नाटकाची तिकिटं माझ्या होणाऱ्या विहीणबाईंनी काढली होती आणि त्या माझ्या शेजारीच बसणार होत्या, दुसऱ्या बाजूला लेक.

नाटकात संवाद जवळजवळ नव्हतेच. विहीणबाईंच्या तरुणपणीची गाजलेली गाणी आणि त्यांवर नाच. मला एकही गाणं ओळखीचं नव्हतं. पण मध्यंतरानंतर एक मुलगी एकटीच अशी नाचली की माझ्या अंगावर काटा आला. टाळ्या झाल्या, थांबल्या, आणि त्या शांततेत कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "वन्स मोअर!"

ती मीच. संगीत नाटकांना आम्ही लहानपणापासून असंच ओरडत आलोय, आणि तिथे नट खरंच पुन्हा गातात.

इथे कुणी पुन्हा नाचलं नाही. पुढची डोकी तेवढी मागे वळली. विहीणबाई गोड हसल्या, ते जास्त लागलं. नवरा मेला तोंडावर रुमाल धरून खुदखुदत होता. लेक खुर्चीत खाली खाली सरकत गेली.

शेवटी कलाकार नमस्काराला आले, तेव्हा मात्र अख्खं थिएटर उभं राहून ओरडायला लागलं. विहीणबाईंनी तर शिट्टी मारली. लेक माझ्या कानाशी वाकली. "आई, इट्स ओके. आता ओरड."

मी उभी राहिले, तोंडही उघडलं. पण परवानगी मिळाल्यावर आवाजच फुटेना.