ठिपकेबाईंनी बंदरात आणलेलं जहाज

नौकानयनाच्या शाळेत पोरं त्यांना ठिपकेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती! बाई वर्गात आल्या की समुद्राचा भलामोठा नकाशा टेबलावर पसरायच्या, त्याच्या वळणाऱ्या कोपऱ्यांवर हाताला येईल ते वजन ठेवायच्या आणि ठरलेला प्रश्न विचारायच्या, "आपण कुठे आहोत?" एका दीडशहाण्याने एकदा "वर्गात" असं उत्तर दिलं. त्याला त्यांनी तास संपेपर्यंत उभ्याने आकडेमोड करायला लावली. तेव्हापासून सगळ्यांनीच कानाला खडा लावला.

त्यांचं शिकवणं तसं सोपं होतं. किनारा दिसेनासा झाला, आभाळ भरून आलं, ठिकाण सांगणारी यंत्रं बंद पडली, तरी जहाज कुठेतरी असतंच. शेवटचं खात्रीचं ठिकाण धरायचं, तिथून कोणत्या दिशेने, किती वेगाने, किती वेळ आलो ते मोजायचं आणि नकाशावर पेन्सिलीने ठिपका द्यायचा. मग ठिपक्याभोवती वर्तुळ काढायचं, कारण वारा आणि प्रवाह काही आपल्याला विचारून ढकलत नाहीत. जहाज या वर्तुळात कुठेही असू शकतं. जितका वेळ जाईल तितकं वर्तुळ मोठं. अंतर मोजायचं ते नकाशाच्या उभ्या कडेवर, मैलांचं माप तिथेच खरं. पण खालच्या आडव्या कडेवर मोजून जहाज थेट डोंगरावर चढवणारं एक तरी कार्टं दरवर्षी निघायचंच. "वा! आता खाली उतरवायला क्रेन मागव," बाई म्हणायच्या आणि सगळा वर्ग खिदळायचा.

इतिहासाच्या तासाला मात्र कुणी खिदळत नसे. जुन्या दर्यावर्दींना बाई उगीच डोक्यावर घेऊन नाचत नसत. कोण एका बेटाला भलताच देश समजून बसला, कुणाच्या खलाशांच्या हिरड्या सडून दात गळाले, कुणाची शिडं वाऱ्यावाचून आठवडेच्या आठवडे लोंबत राहिली, हेच त्या जास्त सांगायच्या. "जे परतले त्यांची नावं आपण पाठ करतो," त्या म्हणत, "पण निघालेले पुष्कळ होते." एवढं बोलून त्या चष्मा पुसायला लागत. चष्मा तसा स्वच्छच असे.

कारण इतर शिक्षकांना माहीत होतं, पोरांना नव्हतं. बाईंचा नवरा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होता. जहाजाचा मार्ग आखणं हेच त्याचं काम. काही वर्षांपूर्वी ते जहाज वादळात सापडलं आणि पुढे त्याचा मागमूसही लागला नाही. शोध घेतला गेला, मग थांबवला गेला, आणि कंपनीचा एक माणूस दारात येऊन बराच वेळ आपल्याच बुटांकडे बघत उभा राहिला.

घरात उरल्या सासू-सुना. बसायच्या खोलीच्या भिंतीवर नवऱ्यानेच लावलेला नकाशा होता. तो सफरीवर असला की त्याचा निरोप येई, बाई पेन्सिलीने ठिपका पुढे सरकवत आणि सासूबाई, ज्यांना नकाशातलं ओ की ठो कळत नसे, त्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारत, "जेवला असेल ना ग?"

सासूबाईंची आठवण तेव्हाच दगा द्यायला लागली होती. मुलगा गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी आकांत मांडला. दुसऱ्या दिवशी उठून त्यांनी विचारलं, "आज कुठवर आला ग?" बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच आकांत, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. त्या म्हातारीचा मुलगा रोज सकाळी नव्याने मरत होता. शेवटी बाईंनी हात टेकले. एका सकाळी त्यांनी पेन्सिल उचलली, शेवटच्या खात्रीच्या ठिकाणापासून थोडं पुढे एक ठिपका दिला आणि म्हणाल्या, "इथवर आलाय, आई."

"मग ठीक," सासूबाई म्हणाल्या आणि निमूट दूध प्यायल्या.

झालं. आता हे जहाज घरी आणता येईना आणि थांबवताही येईना. मग बाईंनी इतिहासाचा तासच घरी आणला. जहाजाला दक्षिणेच्या टोकाला वळसा घालायला लावला, बर्फ लागला म्हणून मागे फिरवलं, वारा पडला म्हणून भर समुद्रात बसवून ठेवलं. "त्याच्या बोटीला इंजिन आहे ना? मग वारा कशाला हवा?" सासूबाईंनी एकदा विचारलं आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नको ते म्हातारीला बरोबर आठवायचं.

हे सगळं सासूबाईंसाठी चाललंय, असं बाई स्वतःला बजावत. ते काही खरं नव्हतं. सकाळी ठिपका दिल्याशिवाय त्यांचाही पाय घराबाहेर पडत नसे. ठिपका पुढे जात होता तोवर नवरा कामावर होता, एवढंच. मात्र त्या ठिपक्यांभोवती वर्तुळ त्यांनी एकदाही काढलं नाही.

एकदा वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, खात्रीचं ठिकाण पुन्हा मिळालंच नाही, तर ठिपका कुठवर पुढे न्यायचा?"

"वर्तुळात खडक येईपर्यंत. मग थांबायचं."

"आणि नाहीच थांबलं तर?"

"तर मग तुला समुद्र कळला नाही," बाई जरा जास्तच कडकपणे म्हणाल्या आणि घंटा व्हायच्या आत वर्गातून निघून गेल्या. पोरगी बिचारी हिरमुसली. तिचं काय चुकलं, हे तिला कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर सासूबाईंनी अंथरूण धरलं. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मनासारखं करा, असंही म्हणाले. सासूबाईंचं मागणं एकच होतं. "किती फिरवतेस ग त्याला? आता घरी आण. मला नाही फार थांबता यायचं."

बाईंनी जहाज वळवलं. रोज थोडं थोडं जवळ. किनाऱ्याची रेघ जवळ आली तसे त्यांचे ठिपके एकमेकांना चिकटायला लागले. बंदरात आलेलं जहाज पुढे सरकत नाही. मग उद्या सकाळी उठून करायचं काय? त्या दिवशी त्या पेन्सिल धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. मागून म्हातारीच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. अखेर त्यांनी ठिपका दिला.

"आलं, आई. धक्क्याला लागलं."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "मग इथे काय उभी? जा ना त्याला आणायला! केस नीट कर आधी."

आयुष्यभर दिशा, वेग, वेळ सगळं मोजणाऱ्या बाईंनी हे मोजलंच नव्हतं. आलेल्या माणसाला घ्यायला जावं लागतं. नाही म्हणायची सोय नव्हती. शेजारच्या शिवणकामवालीला म्हातारीजवळ बसवून त्या बाहेर पडल्या.

वाटेत कुठेतरी वेळ काढून परत येता आलं असतं. पण त्या धक्क्यावरच गेल्या. फाटकाबाहेर कुठल्याशा बोटीवरच्या माणसांची घरची मंडळी ताटकळत होती. कडेवर पोर घेतलेली एक बाई सरकून जागा देत म्हणाली, "तुमचं कोण आहे बोटीवर?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "माझा नवरा बुडाला."

इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. सासूबाईंनाही त्यांनी 'गेला' असंच सांगितलं होतं. ती परकी बाई गोरीमोरी झाली. फाटक उघडलं, माणसं बाहेर आली, मिठ्या पडल्या, सामानाची ओढाताण झाली आणि धक्का रिकामा झाला. मग त्या फाटकाजवळच एका लोखंडी खुंटावर बसल्या आणि इतकी वर्षं राहून गेलेलं सगळं रडल्या.

घरी आल्या तेव्हा सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. शिवणकामवालीने त्यांचा चेहरा पुसून, केस विंचरून दिले होते. त्यांनी बाईंच्या मागे दाराकडे पाहिलं. वाट पाहून पाहून नजर पुन्हा बाईंवर आली.

"आई, तो नाही आला," बाई म्हणाल्या. त्या तशाच पलंगाजवळ खाली बसल्या.

सासूबाई त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. ही कोण, हे काही केल्या त्यांना उमगत नव्हतं. पण रडणारं माणूस त्यांना ओळखता येत होतं. त्यांनी हात पुढे केला आणि बाईंचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"कोण गेलं ग तुझं?"

"नवरा."

"अग आई ग!" म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. "रड, पोटभर रड. लाजू नकोस. माझा मुलगा येईलच एवढ्यात. तो सोडेल तुला घरी."