अर्धं सरकारचं, अर्धं गावाचं

नवरा उन्हाळ्यात गेला आणि पावसाळा सरता सरता मला नोकरीचा हुकूम आला. आदल्या वर्षीच आम्ही दोघांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मग त्याला मुदतीचा ताप आला आणि त्यातून तो उठला नाही. माझी नर्सिंगची शेवटची परीक्षा तोंडावर होती. मी बसले आणि पास झाले. आई आणि सासूबाई दोघीही मी कधी रडते याची वाट पाहत होत्या. मला रडू येत नव्हतं. भूक लागली की जेवत होते, अंधार पडला की झोपत होते. नोकरीचा हुकूम हातात आला तेव्हा आई म्हणाली, "जा बाई. कामात जीव रमंल." मी ट्रंक भरली.

गाव वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्यानं. आंजीला मोटार सोडायची आणि पुढं बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, जायचं. मला न्यायला जी बंडी आली होती ती मालगुजारांची, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदारांची. मालगुजारी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण गाव त्यांना मालगुजारच म्हणत होतं. पन्नाशीचे, उंच गृहस्थ. बोलणं हळू. त्यांनी स्वतः मला बाळंतपणाच्या घराची नवी इमारत दाखवली. विटांच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, समोर ओसरी, आत एक लांब खोली, मागं मला राहायला लहानशी खोली. लांब खोलीत चार लोखंडी पलंग होते. गाद्यांवरचे कागद अजून काढलेले नव्हते.

"अर्धं सरकारचं, अर्धं गावाचं," ते म्हणाले. "गावानं रेती आनली, गिट्टी फोडली. बाकी आमचं. जमीनही आमचीच."

सरकारच्या विकास ब्लॉकची योजनाच तशी होती. गावानं अर्धा खर्च उचलला तर उरलेला अर्धा सरकार देणार. शाळा, विहीर, पूल, काहीही बांधा. या गावात मालगुजारांनी बाळंतपणाचं घर मागितलं, कारण त्यांची आई बाळंतपणात गेली होती. ते लहान होते तेव्हा. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मग दाराच्या वर बसवलेल्या दगडी पाटीकडं बोट केलं. पाटीवर त्यांच्या आईचं नाव होतं. माझा पगारही तसाच ठरला होता, अर्धा सरकारकडून आणि अर्धा गावच्या कमिटीकडून, म्हणजे पुन्हा मालगुजारांकडूनच. आणि सरकारच्या वाट्याचा शेवटचा हप्ता अजून यायचा होता. घर चालू झालं, सगळ्या गावच्या बायका येऊ लागल्या, असं दिसल्याशिवाय तो सुटणार नव्हता. तोवर ठेकेदाराला त्यांनीच पदरचं दिलं होतं.

माझं गाव कोणतं, आडनाव काय, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

पहिले दोन महिने कोणीच आलं नाही. मी रोज सकाळी भांडी उकळत होते, कार्बोलिकनं फरशी पुसत होते, चादरी बदलत होते. मळलेल्या नसल्या तरी बदलत होते, कारण शिकवलं तसंच होतं. पाणी भरायला गावाबाहेरच्या वस्तीतली एक वयस्क बाई आया म्हणून होती. ती ओसरीवर बसून माझ्याकडं पाहायची.

"नर्सबाई, काऊन धुऊन राह्यल्या? कोन झोपलं होतं त्याच्यावर?"

"कोणी नाही."

"मंग?"

मी पुढची चादर घेत असे. बायका घरीच बाळंत होत होत्या, दाईच्या हातानं. पाटलाच्या, कुणब्यांच्या, तेल्यांच्या बायका रस्त्यानं जाताना इमारतीकडं पाहत आणि पुढं जात.

पहिली आली ती वस्तीतली. आयाच तिला घेऊन आली. दोन दिवस अडलेली होती. तिची सुटका नीट झाली. मग वस्तीतली दुसरी आली, मग शेजारच्या गावच्या वस्तीतली. मी त्यांच्यातलीच, नुकतीच दीक्षा घेतलेली, हे कळल्यावर त्या आणखी मोकळेपणी येऊ लागल्या. कापसाची वेचणी भरात आली तोवर चारपैकी दोन पलंग बहुतेक भरलेले असत. ब्लॉकचे साहेब जीपनं आले, पलंगांवरच्या बायका पाहिल्या आणि खूश झाले. तरुण होते, नागपूरकडचे.

मालगुजार खूश नव्हते. ते एका दुपारी आले, ओसरीवर उभे राहिले, बसले नाहीत.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "पन त्या पलंगावर आता गावातली कोनती बाई निजंल? मले सांगा."

मला राग आला नव्हता. यायला हवा होता, हे मला समजत होतं. माझा नवरा असता तर ओसरीवरच भांडला असता. मी हात पुसत उभी होते.

पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा आले तेव्हा मालगुजारांनी गोष्ट काढली. मधे भिंत घालायची. पूर्वेकडची खोली गावाची, पश्चिमेकडची वस्तीची. साहेब म्हणाले, "असं नाही करता येत. सरकारचा पैसा आहे. सगळ्यांना खुलं, ही अटच आहे."

"अर्धा पैसा सरकारचा हाय."

"हो, पण अट सगळ्या इमारतीला आहे."

"मंग आमचे अर्धे कायचे? आम्ही घर बांधलं आन् आमचीच बाई त्यात येऊ शकत नाई. रिकामं राह्यलं असतं तर तुमी म्हनले असते गावाले गरज नाई. भरलं तर असं." आवाज त्यांनी चढवला नाही. ते खरोखरच विचारत होते असं वाटलं.

साहेबांनाही वर घर चालू असल्याचं दाखवायचं होतं, आणि मालगुजारांनी हात काढून घेतला तर ते चालणार नव्हतं. शेवटी म्हणाले, "सरकारचा पैसा भिंतीला मिळणार नाही. तुम्ही तुमच्या खर्चानं घाला. कागदावर इमारत एकच राहील." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"मधे दार ठेवा," मी म्हणाले. "मी एकटीच आहे."

मालगुजार म्हणाले, "दार ठेवलं तर भिंत कायले घालाची?"

भिंत झाली. दार ठेवलं नाही. पूर्वेच्या खोलीला बाहेरून वेगळं दार पाडलं. चूल, पाणी, भांडी पश्चिमेकडं. एका खोलीतून दुसरीत जायचं म्हणजे ओसरी उतरून, मागून वळसा घालून जायचं. आया माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मग बोलू लागली.

मालगुजारांच्या सुनेला तेव्हा दिवस गेले होते. माहेर सिंदीकडचं, वय असेल अठरा-एकोणीस. पूर्वेची खोली तिच्याचसाठी आधी उघडायची असं त्यांनी ठरवलं. आपल्या घरची बाई आली की गाव येईल, असा त्यांचा हिशेब होता. मालगुजारीणबाईंना ते मान्य नव्हतं. तरी कळा सुरू झाल्यावर एका सकाळी सुनेला बंडीत घालून आणलं. मालगुजारीणबाई सोबत आल्या आणि दारात पाट टाकून बसल्या.

त्याच सकाळी वस्तीतली एक बाई पश्चिमेच्या खोलीत आलेली होती. तिचं तिसरं. वेचणीवरूनच आली होती, लुगड्याला कापूस चिकटलेला होता. मी हात लावून पाहिलं, मूल पायाळू होतं. तिला वर्ध्याला हलवायला हवं होतं. आयानं बंडी शोधली, पण बंड्या सगळ्या शेतात होत्या, आणि मालगुजारांची बंडी सुनेला सोडून आंजीला गेली होती.

मी दोन्हीकडं फेऱ्या घालत होते. पूर्वेच्या दारात मालगुजारीणबाई म्हणाल्या, "अंगोळ करून या." मी म्हणाले, "हात धुतले आहेत, कपडा बदलला आहे." त्या दारातून हलल्या नाहीत. मी मागं जाऊन डोक्यावर पाणी ओतून घेतलं आणि ओल्या केसांनी आत गेले. सुनेचं नीट चाललं होतं, वेळ होता. मी तिला सांगितलं, "घाबरू नको, येते मी." आणि वळसा घालून परत गेले. दुसऱ्यांदाही तसंच झालं. पुन्हा डोक्यावर पाणी घेतलं.

मग पश्चिमेकडं मुलाचे पाय दिसू लागले आणि मला तिथून हलता येईना. आया तिचे खांदे धरून होती. भिंतीपलीकडून सून हाक मारत होती, "बाई, ओ बाई." मी इकडूनच ओरडून सांगितलं की थांब, येते. थोड्या वेळानं हाका थांबल्या. मला वाटलं, कळ गेली असेल.

दारात सावली पडली म्हणून मान वर केली तर सून उभी होती. भिंतीला धरून, वाकून, घामानं भिजलेली. मागून मालगुजारीणबाई तिचा हात ओढत होत्या.

"तुमी येत नाई," ती म्हणाली, "तं मीच आली."

ती आत आली आणि बाजूच्या पलंगावर आडवी झाली. मालगुजारीणबाई उंबऱ्याबाहेरच राहिल्या. त्या पुढं काय म्हणत होत्या ते मला आठवत नाही. माझे दोन्ही हात कामात होते.

वस्तीतल्या बाईचं मूल धडापर्यंत आलं आणि डोकं अडकलं. जे शिकले होते ते सगळं केलं. मूल आलं तेव्हा निळं होतं. पाठ चोळली, तोंडानं फुंकून पाहिलं. मुलगा होता. मी त्याला कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि रक्त थांबवायला लागले. रक्त थांबलं. हात धुतले आणि बाजूच्या पलंगाकडं वळले. फार वेळ लागला नाही. सुनेला मुलगी झाली आणि लगेच रडली.

खोलीत तेवढाच एक आवाज होता. वस्तीतल्या बाईनं मान वळवली.

"पोरगी हाय का?" तिनं विचारलं.

"हो," सून म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमचं?"

"गेलं."

सुनेनं मुलीला पदराखाली घेतलं, आवाज कमी व्हावा म्हणून. वस्तीतली बाई म्हणाली, "रडू दे तिले. चांगलं असते." आणि कवेलूंकडं पाहत पडून राहिली. मी नाळ बांधली, फरशी पुसली, मळलेल्या चादरी गोळा केल्या. मला काही वाटत नव्हतं. केस अजून ओले होते आणि पाय दुखत होते, एवढं कळत होतं.

ऊन उतरायच्या आत सुनेला बंडीनं घरी नेलं. इतक्यात हलवू नका, असं मी म्हणाले. घरी गेल्यावर तिला आणि मुलीला आंघोळ घालून घरात घेतलं, गोमूत्र शिंपडलं, असं आयानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मालगुजार आले. या वेळी ओसरीवर बसले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "नात चांगली हाय. वजनदार हाय." मग भिंतीकडं पाहून विचारलं, "ते दुसरं वाचलं असतं का, वर्ध्याले नेलं असतं तं?"

"कदाचित."

"बंडी आमचीच गेली होती."

"हो."

ते उठले. भिंत काढू का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही म्हणाले नाही. त्या महिन्यात सरकारचा शेवटचा हप्ता आला, कारण त्यांच्या घरचं बाळंतपण इथं झालं हे साहेबांनी वर कळवलं होतं. हप्ता आला आणि त्यानंतर कमिटीकडून माझा अर्धा पगार यायचा बंद झाला. मालगुजारीणबाईंनी घरात सांगून टाकलं होतं की आता त्या घराला एक पैसा द्यायचा नाही. मालगुजार मला रस्त्यात भेटले की नमस्कार करत आणि लवकर पुढं जात. गावातल्या बायका आल्याच नाहीत. पूर्वेची खोली बंद राहिली.

अर्ध्या पगारावर मी काही महिने काढले. वस्तीतून ज्वारी यायची, कधी भाजी. एकदा त्याच बाईनं, जिचा मुलगा गेला होता, आंबाडीची भाजी आणि भाकर आणून दिली. मी ओसरीवर बसून जेवत होते, ती समोर बसली होती.

"मीठ जास्त झालं," मी म्हणाले.

तिला हसू आलं. "घरी साऱ्यायलेच खारट लागून राह्यली," ती म्हणाली. "तुमी तं देलं ते खाता, मले वाटलं तुमाले समजनार नाई."

मला समजलं होतं. वर्षभरात जेवताना चव लागल्याचं मला आठवत नव्हतं. मी आणखी थोडी भाजी घेतली.

पुढं साहेबांनी लिहून लिहून ते घर पूर्णच सरकारकडं घेतलं. मालगुजारांनी सही दिली, पाटी मात्र राहू द्या म्हणाले, ती राहिली. कंपाउंडर आला, त्यानं पूर्वेच्या खोलीत औषधांच्या पेट्या लावल्या. मला पूर्ण पगार सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत बदलीचा हुकूम आला, समुद्रपूरकडं, जामजवळ. निघताना मालगुजारांची सून फाटकाशी आली. मुलगी कडेवर होती, चालायला लागलेली. तिला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेला सिंदीला माहेरी जाणार म्हणाली, घरच्यांनी तसं ठरवलं होतं.

"तिकडं दाई चांगली हाय," ती म्हणाली. "पन तुमी पत्ता द्या."

मी पत्ता दिला. नंतर तिचा निरोप आला की मुलगा झाला, नीट आहे.