आप म्हणणारे साहेब

साहेब एकोणीस वर्षांच्या पोरालाही ‘आप’ म्हणत. भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यांत बहुतेक मालक कामगाराला ‘ए’ एवढ्याच नावानं ओळखतात. तिथे हा प्रकार इतका संशयास्पद वाटला की एक मुलगा पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत पळाला. त्याचं कारण त्याच्या काकानं मला फोनवर सांगितलं, “मैडम, साहब आप-आप करते हैं. लड़का कहता है, फँसाने का चक्कर है.”

सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाल्यावर साहेबांनी लोखंडी रॅक बनवायची छोटी शेड टाकली होती. मी हिशेब बघायचे आणि मिसरोदच्या माझ्या घरून त्यांच्याच गाडीतून जायचे. ती शेड विकून साहेब आता पुण्याला मुलाकडे असतात.

ऑर्डरींची कमी नव्हती, कमी होती ती पोरांची. फाटकावर मी ‘लड़के चाहिए’ अशी पाटी लावली, तर साहेबांना ती अपमानकारक वाटली. त्यांनी स्वतः रंगवलं, ‘ज़िम्मेदार युवकों की आवश्यकता है’. मग आठवडाभर कोणी फिरकलंच नाही. एकानं नुसतं वाचलं आणि सोबत्याला म्हणाला, “चल, अपने लायक नहीं है.” जे यायचे तेही पगार झाला की गायब. एकजण डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला म्हणून गेला तो होळीनंतर उगवला आणि कॅंटीनवाल्याकडे नाश्ता मागू लागला. साहेबांनी त्याला विचारलं, “दीदी ससुराल में खुश हैं ना?”

अशातच गोलू मिळाला. वेल्डिंग असं करायचा की जोड शोधावा लागे. एका दवाखान्याचे रॅक अर्धवट असताना तो आला नाही. निरोप आला, दादी वारली. मी हजेरीवही बघून कपाळावर हात मारला, कारण त्याची दादी दिवाळीआधीही एकदा वारली होती.

“दोन आज्या असतात माणसाला,” साहेब म्हणाले. “भेटून यायला हवं.”

आम्ही त्याच्या घरी गेलो. दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, “गोलूजी की दादी...?”

“मैं ही हूँ. क्या किया उसने?”

मी साहेबांकडे पाहिलं. ते हात जोडून अगदी मनापासून म्हणाले, “आपको देखकर बहुत आनंद हुआ.” मग खाटेवर बसून दोन कप चहा प्यायले. गोलू मित्रांबरोबर भोजपूरला फिरायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून आला. साहेब एवढंच म्हणाले, “आपकी दादी चाय बहुत अच्छी बनाती हैं.” गोलू दिवसभर वेल्डिंगचा मास्क वर करेना. जेवायलाही उठला नाही. त्यानंतर मात्र त्यानं एकही खाडा केला नाही.

वर्षभरानं एका सकाळी तो टेबलासमोर येऊन उभा राहिला. “साहब, बड़ी फैक्टरी में लग गया हूँ. अगले महीने जाऊँगा. तब तक माल निकाल दूँगा, और नए लड़के को सिखा भी दूँगा.”

मी हातातल्या ऑर्डरी मोजू लागले. साहेबांनी मात्र सगळ्या शेडसाठी जिलेबी मागवली!

“अहो, आपला एकुलता एक वेल्डर चाललाय,” मी चिडून म्हटलं.

“हो, पण सांगून चाललाय! इतक्या वर्षांत पहिला! मिळाला की नाही जबाबदार मुलगा?”

“मिळाला, पण त्या फॅक्टरीला.”

“मिळाला ना?” साहेब म्हणाले, आणि जिलेबीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

गोलूनं शब्द पाळला. शेवटच्या दिवशी तो पाया पडायला वाकला, साहेब त्याला उचलायला वाकले आणि दोघांची डोकी आपटली. कपाळ चोळत दोघंही किती वेळ हसत होते.

परतताना मिसरोदचं वळण आलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“फार लागलं का?” मी विचारलं.

“लागलं हो,” ते म्हणाले.