जाऊबाईंनी लावलेलं तण

तण उपटायचं असतं, लावायचं नसतं, एवढं तर मला माहेरीच कळत होतं. म्हणून परभणीकडं झरी गावाजवळच्या घरात नवी सून होऊन आले त्याच पावसाळ्यात थोरल्या जावेला परसात तण लावताना पाहिलं, तेव्हा मी तोंडाचा आ करून उभीच राहिले. बांधावरचं कुर्डू, तुंबा आणि पिवळी तिळवण मुळासकट आणून ती भोपळ्याच्या वेलाभोवती ओळीनं लावत होती. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्षच झालं होतं. ज्या मातीत चार मिरच्या लावाव्यात तिथं ही बाई तण जोपासायची, आणि उघडीप पडली की त्याला घागरीनं पाणीही घालायची!

"अक्का, हे काय करायलाव?" मी विचारलं.

"माश्यांसाठी," ती म्हणाली. "माझा बाप पूर्णेच्या वाळूत टरबुजं लावायचा. कडंनं असली फुलं राखायचा. फुलाला माशी येती, अन् माशी आली की फळ धरतं."

मी मॅट्रिक झालेली. मला हे खूळच वाटलं. पण तिच्या खुळाला कारण होतं, आणि ते ऐकून तर माझ्या अंगावर काटा आला. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिनं लावलेल्या भोपळ्याची बारकी फळं मागच्या वर्षी पिवळी पडून गळाली, तेव्हा सासूबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या, "तिची कूस तसा तिचा हात." आणि वालूरची एक मुलगी थोरल्या दिरांसाठी बघून ठेवल्याचं घरात उघड बोललं जायचं. वेल धरला तर सासूबाईंचं तोंड बंद होईल आणि सवत टळेल, असं जावेनं मनाशी घेतलं होतं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

पोळ्याच्या सुमाराला ते तण फुललं आणि मी पुन्हा थक्क झाले. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, तुंब्याचे पांढरे गोंडे, आणि त्यांवर बारक्या मधमाश्या, काळे भुंगे, पिवळी फुलपाखरं. सकाळी परसात गेलं की बोलणं ऐकू येऊ नये इतकी गुणगुण. मला ती बाग आवडायला लागली, कुणाला सांगितलं मात्र नाही.

वेल मात्र गळतच होता.

आता माझा पराक्रम सांगते. भोपळ्याला दोन तऱ्हेची फुलं येतात. एकाखाली बोराएवढं फळ असतं, दुसरं नुसत्या लांब देठावर. त्या दुसऱ्याला फळ धरत नाही, म्हणून आमच्या गावात त्याला फुकटं म्हणत आणि वेलाची ताकद खातं म्हणून तोडून टाकत. सासूबाईंनी मलाही तेच शिकवलं होतं. जाऊ तांबडं फुटताच शेतात जायची. ती गेली की मी एकूण एक देठाचं फूल खुडून शेळीपुढं टाकायची. तिच्या वेलाला बळ यावं, हीच माझी इच्छा. तिला कळू न देता तिचं भलं करत होते ना मी!

एकदा ताप आला म्हणून ती घरी राहिली आणि माझी ओंजळ भरलेली तिनं पाहिली. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, ही आता पडते.

"रोज तोडायलीस?"

"रोज. फुकटी असतात म्हणून..."

ती ओरडली नाही. माझ्या ओंजळीतलं एक फूल फाडून तिनं आतला दांडा माझ्या बोटावर घासला. बोट पिवळं झालं. "हे नर हायत. ही भुकटी माशी तिकडच्या फुलात नेती, तवा फळ धरतं. तू नरच ठेवला न्हाईस, माशी तरी काय नेईल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर मीच तिचा वेल बुडवत होते, आणि बोलणी ती खात होती.

त्या दिवसापासून मी फुलांना हात लावला नाही. पंधरा दिवसांत पाच फळं धरली. ती फुगायला लागली तशी मीही फुगले. ओसरीवर सगळे असताना मी शहाणपणानं सासूबाईंना सांगून टाकलं, "आत्याबाई, वेलात खोट नव्हतीच. नराची फुलं मी तोडत होते. नर नसल्यावर फळ कुठून धरणार?"

दीर तोंडातलं पान थुंकून उठून गेले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लय शिकलीस." मी काय चुकीचं बोलले ते मला कळेना.

दिवाळीनंतर वालूरच्या त्या मुलीशी दिरांची सुपारी फोडायचं ठरलं. सासूबाईंनी गाडीत लुगडं ठेवलं, खण ठेवला, आणि वेलाचा सगळ्यांत मोठा भोपळा नव्या सोयऱ्यांकडे न्यायला सांगितला. मी हादरलेच. जावेनं तो स्वतः तोडला, पदरानं पुसला आणि आणून ओसरीवर ठेवला.

"अक्का, तुमी कशाला देताव?" मला रडू फुटलं. "तुमचा वेल तर धरला!"

ती माझ्या जवळ बसली. "परभणीच्या दवाखान्यात दोन सालाखाली गेले होते. डाक्टरीणबाई म्हणली, तुझ्यात कायबी कमी न्हाई, मालकाला घेऊन ये. मालक आले न्हाईत. ह्या घरात सगळ्यांना ठावं हाय ते."

दीर ओसरीवरून का उठून गेले, ते मला आत्ता कुठं कळलं.

"माझं काय," ती म्हणाली, "मला सवय झाली. पण वालूरच्या त्या पोरीला उद्या हीच बोलणी खावी लागतील. सोळाची हाय म्हणं. तिला कुणी सांगावं?"

बाहेर बैल जुंपत होते. मला लिहिता येत होतं, त्या गाडीत चिठ्ठी घालता आली असती. माझी छाती झाली नाही.