कॉलेजला दिलेली बरड

आमच्या तालुक्याच्या गावात कॉलेज निघणार अशी बातमी आली तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. महाराष्ट्र नवानवा झाला होता आणि जो तो काही ना काही काढायच्या मागे लागला होता, कोणी जिनिंग, कोणी सोसायटी, कोणी कॉलेज. माझं लक्ष फक्त कॉलेजकडे. मुलीला अकोल्याला नाहीतर अमरावतीला वसतिगृहात ठेवून शिकवायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. कॉलेज गावात निघालं तर मी शास्त्र शिकणार आणि पुढे डॉक्टर होणार. नाही निघालं तर अमडापूरच्या मामांनी पाहून ठेवलेल्या स्थळाला मान डोलावणार. हे मी घरात येताजाता सगळ्यांना ऐकवत असे.

विद्यापीठाची अट होती की संस्थेच्या नावावर दहा एकर जमीन पाहिजे, तरच मान्यता. संस्थेच्या मंडळात बाबा होते. अध्यक्ष जिनिंगवाले, दोघे वकील, बाकी आमच्यासारखे शेतीवाले. जमिनीचा विषय निघाला की सगळे छताकडे बघत, असं बाबाच सांगत. शेवटी त्यांनी स्वतःच आमची ओढ्याकाठची काळी देऊ केली. तिच्या तोडीची जमीन पंचक्रोशीत नव्हती. गावाच्या दुसऱ्या अंगाला, टेकडीखाली, आमची बरडही होती. सगळा मुरूम, कुसळाशिवाय तिथे काही उगवत नसे. काकांनी भीत भीत सुचवलं की ती देऊन टाका. बाबा असे भडकले की विचारू नका.

"विद्येच्या दानाले बरड देऊ? लोकं काय म्हनतीन मले?"

आता, आमच्याकडे घरं पांढऱ्या मातीवर बांधतात आणि पेरणी काळीत करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. काळीत कोणी साधा गोठासुद्धा बांधत नाही. बाबांना हे माहीत नव्हतं थोडंच! पण दान म्हटलं की आपल्याजवळचं उत्तम तेच द्यायचं, यापुढे त्यांचं डोकं चालेना. आणि मंडळातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. फुकट मिळणाऱ्या काळीला नाव कोण ठेवणार?

उन्हाळ्याच्या तोंडी विद्यापीठाच्या कार्यकारिणीने तिघांची समिती जागा पाहायला पाठवली. आईने सकाळपासून रोडग्यांचा घाट घातला होता. समितीतले इंजिनिअर जीपमधून उतरले ते सरळ शेतात शिरले. भुईला भेगा पडायला लागल्या होत्या. त्यांनी हातातली काठी एका भेगेत सोडली, ती मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी ती वर काढली, रुमालाने पुसली आणि ते अगदी सौम्यपणे बाबांना म्हणाले, "जमीन सोन्यासारखी आहे हो तुमची. कापूस घ्या. इथे बांधलेल्या भिंती मात्र दोन पावसाळ्यांत तडकतील. मुरमाची जागा नाही का कुठे?"

अध्यक्षांनी क्षणाचाही विलंब न लावता टेकडीकडे बोट दाखवलं.

बरड पाहून समिती खूश झाली. पाया कमी खोदावा लागेल, पाणी साचणार नाही, वगैरे बोलत ते पोटभर रोडगे जेवून गेले. मान्यता आली. मी घरभर नाचले. बाबांचा चेहरा मात्र उतरला तो उतरलाच. देऊ केलेली काळी परत आपल्याच घरात राहिली, याची त्यांना लाज वाटत होती. इमारतीवर दात्याचं नाव लावायचं ठरलं तेव्हा त्यांनी साफ नाही म्हटलं. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. माझं कॉलेज उभं राहत होतं.

प्री-युनिव्हर्सिटीच्या शास्त्राची एकच तुकडी मंजूर झाली आणि अर्ज आले दुप्पट. बऱ्याचशा जागा गुणांवर भरल्या. माझे गुण थोडक्यात कमी पडले. उरलेल्या थोड्या जागा मंडळाच्या हाती होत्या, देणगीदारांच्या शिफारशीसाठी. मी निर्धास्त होते. कॉलेजला पंखे देणाऱ्यांच्या पुतण्याला जागा मिळेल आणि जमीन देणाऱ्याची मुलगी बाहेर राहील, असं कुठे होतं का?

बैठकीहून बाबा आले, पाय धुतले, आणि ओसरीत बसून म्हणाले, "तुहं काई झालं नाई बाई."

आई भाकरी थापता थापता बाहेर आली. "काऊन?"

"मी बोललोच नाई."

पंखेवाल्यांनी पुतण्याचं नाव टाकलं होतं, कपाटं देणाऱ्यांनी जावयाच्या भावाचं, अध्यक्षांनी तर दोन. बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी, माझं काही नाही, असं सांगितलं होतं.

"मी काय देलं कॉलेजले? बरड देली. त्याच्यावर कोन्या तोंडानं मांगू?"

मला रडूच फुटलं. आई तशीच पिठाच्या हातांनी उभी राहिली आणि म्हणाली, "जमीन बरड असन तुमची. पोरगी बरड हाये काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अध्यक्षांच्या घरी गेले. आयुष्यात त्यांनी कोणापुढे शब्द टाकला नव्हता, तो माझ्यासाठी टाकला, आणि तो खाली पडला. "काल बोलले असते तं तुमाले नाई कोन म्हनलं असतं?" एवढं बोलून अध्यक्षांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

शहाणी माणसं मला सांगतात की बाबांनी योग्यच केलं. तू आत गेली असतीस तर तुझ्याहून जास्त गुण असलेलं कोणीतरी बाहेर राहिलं असतं. बरोबर आहे. पण त्या जागा गुणांवर नव्हत्याच भरायच्या. त्या पंख्यांवर आणि कपाटांवर भरल्या गेल्या. बाबांच्या गप्प बसण्याने मंडळ काही स्वच्छ झालं नाही, मी तेवढी कलाशाखेत गेले. याचा मला राग होता, आणि वय झालं म्हणून तो निवला असं काही नाही.

त्या दिवशी अध्यक्षांकडून आल्यावर बाबांनी टोपी खुंटीला अडकवली. मग मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "तुले खरंच डॉक्टर व्हाचं होतं काय?"

मी हो म्हटलं. इतक्या दिवसांत त्यांनी मला हे पहिल्यांदाच विचारलं होतं, सगळ्या जागा भरल्यावर.