विजेच्या फोटोतला कोपरा

ऐंशी सालानंतरची काही वर्षं आम्ही कुरखेड्यात काढली. मी दवाखान्यात नर्स, नवरा शाळेत चित्रकलेचा मास्तर. मास्तरांना विजेचे फोटो काढायचा नाद होता. कुणाच्या नवऱ्याला विडीचा असतो, कुणाच्या पत्त्यांचा. माझ्या वाट्याला हा आला.

परतीच्या पावसात, धान निसवून लोंब्या बाहेर आल्या की, दिवेलागणीला आभाळ भरून यायचं आणि मास्तर सायकलला कॅमेऱ्याची तिपाई बांधून गावाबाहेरच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निघायचे. मीही मागे बसून जायची. हौस म्हणून नाही. वीज पडून गेलेला एक माणूस मी दवाखान्यात पाहिला होता. घरी जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा सोबत असलेलं बरं वाटायचं. दिवसभर वॉर्डात उभी, संध्याकाळी धुऱ्यावर उभी.

अंधारात कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं आणि वीज चमकायची वाट पाहायची, एवढंच ते काम. नेमकी तेव्हाच गडचिरोलीची एसटी दिवे टाकत जायची आणि फोटो वाया. मास्तर एसटीला शिव्या घालायचे, मी मनातल्या मनात मास्तरांना.

एकदा पाय फारच भरून आले, म्हणून जरा पुढे जाऊन धुऱ्यावर टेकले आणि तिथेच डोळा लागला. त्याच वेळी मास्तरांना कधीची हवी होती ती वीज कडाडली. गडचिरोलीहून फोटो धुऊन आला. आभाळभर फांद्या फुटलेली वीज, आणि खाली कोपऱ्यात मी, गुडघ्यांवर डोकं टाकून झोपलेली, टाकून दिलेल्या पोत्यासारखी. मला माझीच कीव आली.

मास्तरांनी तोच फोटो शाळेत लावायला मोठा करून आणला. त्यात मी नव्हते.

"तेवढा कोपरा कापून टाकला," ते म्हणाले. "तू मधातच बसून राह्यली होतीस."

मी भाकरी टाकत राहिले. पण वाईट वाटलं, फार वाटलं.

पुढे पुन्हा ढग जमले. मास्तर सायकल काढून हाका मारू लागले.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "मले आज येनं होत नाई."

त्यांना ते खरं वाटेना. थोडा वेळ दारात घुटमळले, मग गेले. मी कडी लावून आडवी झाले. वाटलं होतं, प्रत्येक कडकडाटाला काळजात धस्स होईल. मास्तर ओलेचिंब परतले तेव्हा त्यांनी इतका वेळ दार वाजवलं की शेजारच्या बाई बाहेर आल्या. मला जाग आली नव्हती.